वरचं पाणी, खालची नदी

हिमालय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. पांढरी शिखरं, गरम कपडे, शेकोटी. पण याच हिमालयाच्या पोटात अशी काही खोरी आहेत, जिथे अंगणात केळी वाढतात, बांधावर संत्र्या-पेरूची झाडं असतात आणि भर थंडीतही दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. भूतानमधलं पुनाखाचं खोरं हे असंच एक खोरं. आज मी तुम्हाला तिथे घेऊन जाणार आहे. प्रेक्षणीय स्थळं वाटेत येतीलच, पण मला सांगायचं आहे ते तिथल्या पाण्याविषयी आणि त्या पाण्याच्या आधाराने, आणि धाकानेही, राहणाऱ्या गावांविषयी.

थिंफू ही भूतानची राजधानी. तिथून पुनाखाला जाताना आधी दोचुला नावाची खिंड चढावी लागते. तिची उंची सुमारे ३१०० मीटर. खिंडीत १०८ छोटे स्तूप आहेत. तिथे वारा असा बोचतो की मोटारीतून उतरलेली माणसं फोटो काढतात आणि पुन्हा मोटारीत शिरतात. तिथून पुढे सगळा उतार. वळणावळणाने दोनएक तासांत आपण जवळजवळ अठराशे मीटर खाली येतो. आधी धुक्यातले उंच सूचिपर्णी वृक्ष, मग ऱ्होडोडेंड्रॉन, मग चीड, आणि एका वळणावर एकदम भाताची खाचरं. पुनाखा समुद्रसपाटीपासून साधारण १२५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहूनही थोडं खालीच. पाहुणा कोकणातला असेल तर त्याला घरी आल्यासारखं वाटतं. फक्त कौलारू घरांच्या जागी जाड मातीच्या भिंतींची, रंगीत लाकडी खिडक्यांची दुमजली घरं असतात आणि त्यांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात. ही मिरची तिथे तोंडी लावण्यापुरती नसते, ती भाजी म्हणूनच खातात. मिरची आणि चीज घालून केलेलं एमा दात्शी आणि सोबत लालसर भात हे घरोघरचं जेवण. पहिल्या घासाला मला कोल्हापूर आठवलं आणि दुसऱ्या घासाला पाणी मागावं लागलं.

मी गेले तो ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा होता. भात पिवळं पडू लागलं होतं. खोऱ्याच्या मधोमध दोन नद्या एकमेकींना भेटतात. एक मो छू आणि दुसरी फो छू. छू म्हणजे पाणी. मो म्हणजे आई, फो म्हणजे बाप. म्हणजे तिथे आई-नदी आणि बाप-नदी यांचा संगम आहे. आई-नदी गासाकडच्या डोंगरांतून येते आणि त्या मानाने शांत आहे. बाप-नदी लुनाना नावाच्या अतिदुर्गम प्रदेशातल्या हिमनद्यांमधून येते. तिचं पाणी जास्त थंड आणि जास्त ओढीचं. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्याला आपण प्रीतिसंगम म्हणतो. पुनाखाच्या संगमालाही हे नाव शोभलं असतं. मात्र या जोडप्यातला बाप मोठा तापट आहे.

या दोन नद्यांच्या मधल्या जिभेवर पुनाखाचा झोंग उभा आहे. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी, तिन्ही एकाच वास्तूत. भूतान एकत्र आणणाऱ्या शबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी तो १६३७-३८ मध्ये बांधला. १९५० च्या दशकापर्यंत हीच देशाची राजधानी होती. १७ डिसेंबर १९०७ रोजी भूतानचा पहिला राजा इथेच गादीवर बसला आणि २०११ साली आजच्या राजाचं लग्नही इथेच लागलं. आजही देशाचा मुख्य भिक्षुसंघ थंडी सुरू झाली की थिंफू सोडून पुनाखाला येतो आणि उन्हाळ्यात परत जातो. खोऱ्याच्या उबदार हवेचा फायदा भिक्षूही घेतात, असं म्हणायला हरकत नाही.

झोंगची एक गोष्ट तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. शबद्रुंगांजवळ एक पवित्र अवशेष होता आणि तो परत मिळवण्यासाठी तिबेटी फौजा चालून आल्या. तेव्हा शबद्रुंगांनी मोठी मिरवणूक काढली, नदीकाठी गेले आणि सर्वांदेखत तो अवशेष पाण्यात टाकून दिल्याचा देखावा केला. खरा अवशेष बाहीतच राहिला. आता मिळण्यासारखं काही उरलं नाही असं समजून फौजा परत फिरल्या, असं सांगतात. दरवर्षी थंडीच्या अखेरीस होणाऱ्या उत्सवात ही घटना पुन्हा घडवून आणली जाते. त्या वेळी प्रमुख धर्मगुरू नदीत संत्री टाकतात. उबदार खोऱ्यातलं फळ असं देवकार्याला येतं. पण मला या गोष्टीत आणखी एक खूण दिसली. या लोकांच्या मनात नदी म्हणजे जिथे टाकलेली वस्तू परत मिळत नाही अशी जागा. तिबेटी सेनापतीलाही ते पटलं, त्याअर्थी नदीचा लौकिक तेव्हाही तसाच असणार.

मी उतरले होते ते एका शेतकरी कुटुंबाच्या घरी. अशी राहण्याची सोय आता तिथल्या गावांतून होते. घर आजीच्या नावावर होतं आणि शेतही. पश्चिम भूतानमध्ये जमीन बहुधा मुलीकडे जाते आणि जावई सासुरवाडीला राहायला येतो. त्यामुळे घरात शब्द चालतो तो आजीचा. आजीला तिथे ‘आंगे’ म्हणतात. आपण जसं ‘जी’ लावतो तसा ते आदरासाठी वाक्याच्या शेवटी ‘ला’ लावतात. आंगेला हिंदी कळत होतं, सिनेमांच्या आणि दूरदर्शन मालिकांच्या कृपेने. बाकीचं नातू समजावून सांगत होता.

पहिल्याच संध्याकाळी मी माडीवरून खाली पाहत म्हणाले, ‘‘एवढी मोठी नदी दाराशी! पाण्याची काळजी नाही तुम्हाला.’’

आंगे हसली. म्हणाली, ‘‘ती नदी बघायची आहे. शेताचं पाणी वरून येतं.’’

हे वाक्य कळायला मला दोन दिवस लागले. पुनाखाची खाचरं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली आहेत. मोठी नदी त्यांच्या पायाशी खूप खोलवर वाहते. तिचं पाणी वर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, खर्च हवा. म्हणून शेकडो वर्षं ही गावं डोंगरातल्या झऱ्यांवर आणि ओढ्यांवर शेती करत आली आहेत. ओढ्याच्या तोंडाशी बांध घालायचा, तिथून डोंगराच्या कडेकडेने मातीचा पाट काढायचा आणि ते पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरवत न्यायचं. आपल्याकडे नाशिक-धुळ्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे चित्र लगेच समजेल. पायथ्याशी भरून वाहणारी नदी आणि वर पाण्यासाठी पाळी लावून बसलेली गावं, असा तो प्रकार आहे.

आणि पाळी आली की भांडण आलंच. याच खोऱ्यात लिंगमुतेचू नावाची एक छोटी नदी येऊन मिळते. ती हिमनदीतून येत नाही, डोंगरातल्या झऱ्यातून निघते. तिच्यावर सात गावं शेती करतात. सगळ्यांत वरचं गाव लिंबूखा आणि त्याच्या खालचं डोम्पोला. जुना रिवाज असा की भाताच्या लावणीसाठी पाण्यावर पहिला हक्क लिंबूखाचा. भूतानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याची दहावी तिथी आली, की मग डोम्पोलाला पाण्याचा वाटा मिळायचा. तोपर्यंत खालच्या गावाने रोपं तयार ठेवून आभाळाकडे बघत बसायचं. लावणी लांबली की पीक कमी येतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाट रात्री फोडायचे, दिवसा तंटा करायचा, हे तिथेही ठरलेलं. आपल्या कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला डोम्पोलाचं दुःख एका वाक्यात कळेल.

या तंट्यावर २००० नंतरच्या दशकात काही अभ्यासकांनी एक वेगळाच उपाय करून पाहिला. त्यांनी दोन्ही गावांच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवलं आणि एक खेळ खेळायला लावला. प्रत्येकाला लुटुपुटीची शेतं द्यायची, लुटुपुटीचा पाऊस पाडायचा, आणि पाणी कसं वाटायचं ते त्यांनीच ठरवायचं. गंमत पुढेच आहे. एका टप्प्यावर त्यांनी भूमिका बदलल्या. लिंबूखाच्या लोकांना डोम्पोलाचे शेतकरी केलं आणि डोम्पोलाच्या लोकांना लिंबूखाचे. वर्षानुवर्षं जे भाषणांनी आणि निकालांनी साधलं नव्हतं, त्याची सुरुवात या खेळाने झाली. वरच्याला खालची लावणी का थांबते ते कळलं आणि खालच्याला वरचा माणूस पाणी सोडायला का भितो ते कळलं. पुढे सर्व गावांची मिळून पाणलोटाची समिती झाली. खेळाने भांडण कायमचं मिटलं असं मी म्हणणार नाही. पाण्याचं भांडण कायमचं कुठेच मिटत नाही. पण भांडायला एक बसायची जागा मिळाली, हेही थोडं नाही.

आंगेच्या गावात या पाटांविषयी आणखी एक काळजी ऐकली. लावणीआधी पाट साफ करायला प्रत्येक घरातून एक माणूस यावा लागतो. पण घरंच रिकामी होत आहेत. तरुण मुलं थिंफूला जातात, तिथून ऑस्ट्रेलियाला जातात. कुलूप लागलेल्या घराला त्यांच्या भाषेत ‘गुंगतोंग’ असा शब्दच तयार झाला आहे. मातीचा पाट वर्षभर न राखला तर दरड येते, तण माजतं आणि पाणी वाटेतच जिरतं. कोकणातल्या बंद घरांच्या गावांतून फिरलेल्यांना हे ऐकताना आपलंच कुणी बोलतंय असं वाटेल.

आता खालच्या नदीकडे येऊ. तिचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण आंगेनेही तो शेवटच्या दिवशीच काढला.

७ ऑक्टोबर १९९४. लुनानामध्ये, साधारण साडेचार हजार मीटर उंचीवर, लुग्ये छो नावाचं सरोवर आहे. हिमनदी वितळत मागे सरकते, तेव्हा तिने वाहून आणलेल्या दगडमातीचा एक बांध तिच्या तोंडाशी उरतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. या बांधामागे वितळलेलं पाणी साठत जातं आणि सरोवर तयार होतं. हा बांध कुणी इंजिनिअरने बांधलेला नसतो. त्याला पाया नसतो, सांडवा नसतो, दरवाजे नसतात. त्या दिवशी तो फुटला. सरोवराचं पाणी फो छूच्या अरुंद दरीतून सुटलं आणि सुमारे नव्वद किलोमीटर खाली पुनाखावर येऊन आदळलं. एकवीस माणसं गेली. शेतं गेली, जनावरं गेली, झोंगचंही नुकसान झालं. पुण्यातल्या वडीलधाऱ्यांना १२ जुलै १९६१ चा पानशेतचा दिवस आठवत असेल. शहरावर त्या क्षणी ढगफुटी झालेली नसते, पूर येतो तो दूर कुठेतरी बांध फुटल्याचा. तसंच हे. फरक इतकाच की पानशेत धरण आहे हे पुण्याला ठाऊक होतं. वर लुनानात काय साठलं आहे, हे खाली भात कापायला निघालेल्यांना कुठून माहीत असणार?

आंगे सांगत होती, ‘‘आधी वास आला. ओल्या मातीचा, मुळांचा. मग आवाज. नदीत पाणी दिसतच नव्हतं, नुसते ओंडके. ओंडक्यावर ओंडका आपटत होता.’’ तिचं नदीकाठचं शेत होतं, सपाट आणि कसदार. पीक कापणीला आलेलं होतं. ते शेत गेलं, आणि पाणी ओसरल्यावर तिथे वाळू आणि गोटे राहिले. ‘‘त्या नदीने माझ्या शेताला एक दिवस पाणी दिलं नव्हतं,’’ ती म्हणाली. त्यावर मी काही बोलले नाही.

त्यानंतर भूतान सरकारने वरच्या सरोवरांची गांभीर्याने दखल घेतली. लुग्येच्या शेजारी थोर्थोर्मी नावाचं मोठं सरोवर आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला राफ्स्त्रेंग. दोघांमध्ये हिमोढाची एक झिजत चाललेली भिंत. वरचं फुटून खालच्यात आलं तर १९९४ चा पूर लहान वाटेल, अशी भीती जाणकारांना होती. म्हणून २००८ पासून पुढची काही वर्षं थोर्थोर्मीची पातळी उतरवण्याचं काम झालं. तिथे रस्ता नाही, यंत्रं नेता येत नाहीत. शेकडो माणसं कित्येक दिवस चालत वर गेली, तंबूत राहिली आणि पहारी, फावडी, दोर घेऊन गोठवणाऱ्या पाण्यात उभं राहून त्यांनी चर खणला. वर्षातून जेमतेम काही आठवडेच काम करता येई. उद्दिष्ट होतं पातळी पाच मीटर उतरवण्याचं, आणि ते त्यांनी हातांनी गाठलं. त्यात काही कामगारांचा जीवही गेला. हिमालयातल्या मोठ्या मोहिमांच्या कथा आपण आवडीने वाचतो. शिखरावर झेंडा नसलेली ही मोहीम त्याच तोलाची आहे असं मला वाटतं.

शिवाय वर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवली आणि खाली खोऱ्यात नदीकाठी भोंग्यांचे मनोरे उभे केले. भोंगा वाजला की गुरं सोडायची, घरातलं काही न घेता ठरलेल्या उंच जागी जायचं, अशी रंगीत तालीम गावांतून घेतात. शाळेतल्या मुलांना ती जागा पाठ असते. २०१५ साली आई-नदीच्या उगमाकडे एक छोटं सरोवर फुटलं, २०१९ साली थोर्थोर्मीच्या जवळचं एक फुटलं. १९९४ सारखा अनर्थ झाला नाही, पण आठवण ताजी झाली. २०१९ च्या सरकारी पाहणीत देशातली १७ हिमसरोवरं धोकादायक ठरवली गेली. आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी शेजारच्या सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेवरचं मोठं धरण वाहून गेलं, तेव्हा पुनाखातल्या लोकांनी त्या बातमीकडे परक्या मुलखाची बातमी म्हणून पाहिलं नसणार. संगमानंतर या नदीचं नाव पुनात्सांगछू होतं. तिच्यावर खालच्या अंगाला भारताच्या मदतीने दोन मोठे वीजप्रकल्प हाती घेतले गेले. १०२० मेगावॉटचा दुसरा २०२५ मध्ये सुरू झाला. १२०० मेगावॉटचा पहिला, डोंगर सरकल्यामुळे २०१३ पासून रखडत गेला. पुढे हीच नदी संकोश या नावाने आपल्या देशात येते आणि ब्रह्मपुत्रेला मिळते. म्हणजे थोर्थोर्मीच्या बांधाची काळजी भूतानपुरती नाही.

आंगेच्या घरात यावरून एक वाद चालू आहे. पुरात गेलेल्या शेताच्या वरच्या अंगाला तिची थोडी सपाट जमीन उरली आहे. नदी दिसते, झोंगही दिसतो. पाहुण्यांना तेच हवं असतं. जावयाला तिथे आठ खोल्यांचं विश्रामगृह बांधायचं आहे. तो काही हावरट माणूस नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. भाताने मुलांची शिक्षणं होत नाहीत, पाटाला पाणी वेळेवर येत नाही, आणि घरात मिळकत असेल तर नातू ऑस्ट्रेलियाचं नाव काढणार नाही. ‘‘आता भोंगा आहे ना!’’ तो म्हणतो. आंगेचं उत्तर एवढंच : ‘‘भोंगा आपल्यासाठी आहे. पाहुण्याला पळायची वाट कोण दाखवणार?’’

मी तिथली पाहुणीच. माझ्यासारख्यांना खिडकीतून नदी हवी असते, म्हणून तर काठावरच्या जमिनीला भाव आला. त्या रात्री मी नातवाला विचारलं, भोंगा वाजला तर जायचं कुठे? तो मला कंदील घेऊन घरामागच्या पायवाटेने वर घेऊन गेला. चार खाचरं ओलांडली, एक पाट ओलांडला. पाटाच्या वरच्या अंगाला एक लहानसं चोर्तेन होतं, म्हणजे स्तूप. ‘‘इथे,’’ तो म्हणाला, ‘‘इथपर्यंत.’’

तुम्ही पुनाखाला जाल तर जरूर जा. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. २०२२ पासून आपल्याकडून दर रात्रीचं १२०० रुपये शुल्क घेतात. झोंग बघा, फो छूवरचा दीडशे मीटरहून लांब झुलता पूल बघा, तो ओलांडून पलीकडच्या गावात जा. नशीब असेल तर नदीच्या वाळूत पांढऱ्या पोटाचा बगळा दिसेल. जगात तो साठच्या आसपासच उरला आहे. पण एक सकाळ नदीकडे पाठ करून काढा. एखादा पाट धरून वर चालत जा. पाणी कुठून येतं, कुणाच्या खाचरातून कुणाच्या खाचरात जातं, कुठे दगड लावून अडवलं आहे, ते पाहा. आणि जिथे मुक्कामाला उतराल तिथे पहिल्या संध्याकाळीच विचारून ठेवा, वर जायची वाट कोणती. यजमानांना या प्रश्नाचं आश्चर्य वाटणार नाही. उलट, हा पाहुणा आपल्या खोऱ्यात खरोखरच आला आहे, असं त्यांना वाटेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)